गाडी उंच केली, पण हिशेब कोण करणार?

आमच्या केळापूर तालुक्यात गाडी उंच करून घेणारा प्रत्येक जण हौशी नसतो. पावसाळ्यात काळी माती भिजली की पांदणीत पिकअपचं पोट चिखलाला टेकतं. मग शेतकरी पाटे आणि अॅक्सलच्या मध्ये गुटके टाकून घेतो, मोठे टायर चढवतो. शेतातला प्रश्न सुटतो, पण महामार्गावर दुसरा उभा राहतो.

पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने हिंगणघाटला कापूस नेताना चढावर पाचव्या गिअरमध्ये गाडी दम टाकते. रिकामी परतताना सत्तरच्या पुढे सीटखाली थरथर सुरू होते. मालक आधी चाकं बॅलन्स करतो, मग इंजिनचे माउंटिंग बदलतो. पैसे जातात, थरथर राहते.

माझं म्हणणं एवढंच आहे की पान्याला हात लावण्याआधी कारण शोधा. थरथर स्टिअरिंगला येत असेल तर आधी पुढची चाकं बघा. सीटखाली येत असेल तर शाफ्ट बघा. त्याच वेगात गिअर बदलूनही ती तशीच राहिली, तर दोष इंजिनात नाही. गाडी उंच झाली की शाफ्ट जास्त तिरपा होतो. त्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे असले तरच एकाचा हिसका दुसरा खाऊन टाकतो. भरलेली गाडी बसते, कोन कमी होतो. रिकामी उठते, कोन वाढतो. म्हणून रिकाम्या गाडीत त्रास जास्त. इथे कोन मोजून पाट्याखाली योग्य उताराची पाचर बसवावी लागते, मधलं बेअरिंग असेल तर त्याची उंचीही जुळवावी लागते. गुटक्यावर गुटका तर कधीच ठेवू नये.

गिअरचं गणित वेगळं. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे २९ इंच. त्याजागी ३१ इंची बसवला की प्रत्येक गिअर साधारण ७ टक्के लांब होतो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ ने पळत असते. ओढ परत हवी तर ४.१ चं क्राऊन-पिनियन ४.४ च्या आसपास न्यावं लागतं. हा खर्च टायर घेताना कोणी सांगत नाही.

हे सांगणं मिस्त्रीचं काम आहे. आपल्या समाजातली कितीतरी मुलं उस्तादाच्या हाताखाली हा हुन्नर शिकतात. हात तयार होतो, पण कोन आणि प्रमाण मोजायला कोणी शिकवत नाही. गॅरेजमध्ये आलेली गाडी ही अमानत असते; तिच्यात बसणाऱ्यांचा जीवही. गिऱ्हाईक म्हणतं म्हणून गुटका टाकून देणं हे त्या अमानतीला धरून नाही.

शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. चिखलाची गरज खरी असेल तर कंपनीकडूनच उंच, चारही चाकं ओढणारी गाडी घ्यावी. जी आधीच उंच केली आहे, तिच्यासाठी सगळ्यात स्वस्त आणि पक्की दुरुस्ती एकच: मूळ उंची, मूळ टायर. गिऱ्हाईक नाराज झालं तरी मिस्त्रीने हे तोंडावर सांगावं.