भिंतीतला वड डब्यात

पावसाळ्यात अंधेरी-घाटकोपरच्या जुन्या इमारतींच्या भेगांत वड-पिंपळाची रोपे उगवतात. मुळे भिंत फोडतात, म्हणून ती उपटून फेकावीच लागतात. फेकण्याऐवजी हाताला येणारे एखादे छोटे रोप मुळांसकट काढा. आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्याला तळाशी तापलेल्या खिळ्याने ४-५ भोके पाडा. त्यात २ भाग लाल माती, १ भाग विटेचा चुरा, १ भाग शेणखत भरून रोप लावा. डबा उन्हाच्या खिडकीत ठेवा. वरची माती सुकली की तांदूळ धुतलेले पाणी घाला. खाली बशी हवीच; शेजाऱ्यांच्या वाळत्या कपड्यांवर पाणी टपकायला नको. खोड जाडावले की पुढच्या एखाद्या पावसाळ्यात लांब मुळे छाटून उथळ भांड्यात बसवा. बोन्सायला पैसा थोडा लागतो, सब्र मात्र वर्षानुवर्षे.