पत्र्याखालची थंडी

मा. संपादक,

‘टिटवाळ्यात कसली आलीय थंडी?’ हा आपण छापलेल्या लेखाचा सवाल मुंबईच्या पाऱ्यावर बेतलेला आहे. समुद्रापासून आत, काळू नदीच्या काठी रात्री मुंबईहून गार असतात. त्यात चाळीतला पत्रा निरभ्र रात्री उष्णता आकाशात सोडतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही थंड पडतो. मग घरातली वाफ त्याला धरते आणि पहाटे थेंब थेंब अंथरुणावर टपकते. जास्तीची गोधडी घ्या, हा लेखकाचा सल्ला इथे निरुपयोगी आहे, कारण गोधडीच दमट होते.

भाडेकरूंनी दुरुस्ती मागून घ्यावी, असेही लेखक म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम १४ मालकावर दुरुस्तीची जबाबदारी टाकते खरे; पण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या लेखी भाडेकरूच नसतो. तक्रार केली, की कराराचे नूतनीकरण होत नाही. मालकाला खर्च झेपत नाही, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. फटी बुजवणे, पत्र्याखाली छत घालणे ही कामे रोजची नव्हेत, भाडे मात्र दरमहा येते. म्हणून छपराची जबाबदारी कोणाची, हे प्रत्येक करारनाम्यात लिहिणे सरकारने सक्तीचे करावे.

– एक वाचक, टिटवाळा