डिपेंडन्सी बंद करू नका, तिचा माग काढा

आरपीएम पॅकेज तयार होतं. इन्स्टॉल करायला गेलं की कुठलीशी लायब्ररी हवी म्हणून अडतं, आणि ती लायब्ररी आपण वापरल्याचं काही आठवत नाही. मग कुणीतरी सांगतं, स्पेक फाईलमध्ये 'ऑटोरेकप्रोव्ह: नो' लिही, सुटशील. पॅकेज बांधणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, एवढ्यावरून ती ओळ लिहू नका. तक्रार थांबते, गरज तशीच राहते. पुढे ज्याच्या मशीनवर ते पॅकेज जातं, त्याला ती गरज प्रोग्रॅम सुरू करताना कळते, आणि तेव्हा तुम्ही त्याच्या शेजारी नसता.

आरपीएम या नोंदी मनाने करत नाही. बिल्ड झाल्यावर ते पॅकेजमधल्या एकेका फाईलचा प्रकार ओळखतं. ईएलएफ बायनरी असेल तर तिच्यात नोंदलेल्या लायब्रऱ्या वाचतं, स्क्रिप्ट असेल तर पहिली शबँगची ओळ. म्हणून नको असलेली डिपेंडन्सी सहसा कुठल्या तरी फाईलमधूनच आलेली असते. तयार पॅकेजवर 'आरपीएम -क्यूपी --फाईलरिक्वायर' चालवा, फाईल आणि तिची गरज शेजारी शेजारी दिसेल. बरेच जण फक्त '--रिक्वायर्स'ची यादी पाहतात आणि तिथेच अडकतात.

पुष्कळदा दोष परमिशनचा निघतो. नमुन्यादाखल ठेवलेल्या पर्ल स्क्रिप्टवर एक्झिक्यूट बिट राहिला, तर अख्खं पर्ल मागितलं जातं. बिट काढला की मागणी जाते. उलटही घडतं. लायब्ररीची फाईल 644 परमिशनने ठेवली, तर आरपीएम तिच्याकडे पाहतच नाही, आणि जी लायब्ररी पॅकेजमध्ये आहे तीच 'मिळत नाही' अशी तक्रार येते. तिथे 755 करायचं, बस्स.

खरा धोका सोबत भरलेल्या लायब्रऱ्यांचा आहे. समजा तुम्ही ओपनएसएसएलची स्वतःची प्रत '/ऑप्ट'मध्ये ठेवली. आरपीएम जाहीर करतं की हे पॅकेज ती लायब्ररी पुरवतं. मग दुसऱ्याच कुणाची गरज भागवायला डीएनएफ तुमचं पॅकेज निवडू शकतं, आणि लोडर '/ऑप्ट'मध्ये शोधत नसल्यामुळे तो दुसरा प्रोग्रॅम बंद पडतो. इथे मात्र गाळणी लावायलाच हवी: 'प्रोव्हाइड्स एक्सक्लूड फ्रॉम' मॅक्रोत फक्त तेवढी डिरेक्टरी द्या, आणि 'रिक्वायर्स एक्सक्लूड'मध्ये फक्त त्या लायब्ररीचं नाव. दोन्ही ठिकाणी रेगेक्स चालतो, म्हणून पॅटर्न ढिला सोडू नका.

जीलिबसी 2.34 मागणारं पॅकेज आरएचईएल 8 वर बसणार नाही, कारण तिथे 2.28 आहे. ही नोंद पुसून उपयोग नाही, कारण प्रोग्रॅम खरोखरच चालणार नाही. ज्या सर्वांत जुन्या सिस्टीमवर तो चालायला हवा, तिच्यावर बिल्ड करा. 'मॉक' त्यासाठीच आहे.

डेबियनवाल्यांनाही हेच सांगणं आहे. 'डीपीकेजी-एसएचलिबडेप्स'ला लायब्ररीची माहिती सापडली नाही, तर ती लायब्ररी '/यूएसआर/लोकल'मधून तर उचलली गेली नाही ना, ते आधी तपासा. हाताने टाकलेली ती लायब्ररी कुठल्याच पॅकेजची नसते. 'इग्नोर-मिसिंग-इन्फो' हा तिच्यावरचा इलाज नाही.

आणि जे प्लगइन प्रोग्रॅम चालू असताना 'डीएलओपन'ने उघडले जातात, ते ईएलएफच्या नोंदीत नसतात. ती डिपेंडन्सी हाताने लिहा. मग रिकाम्या कंटेनरमध्ये पॅकेज इन्स्टॉल करा आणि प्रोग्रॅम एकदा खरोखर चालवून पाहा, प्लगइनसकट.