जम्बो हवे, पण दिल्लीच्या वाटेवर

दौलताबादच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला माणसे घाऊक हलविण्याची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी इथे आणण्याचा घाट घातला आणि काही वर्षांतच तो गुंडाळावा लागला. तरीही चिकलठाण्याच्या विमानतळाचा विषय निघाला, की कोणीतरी विचारतोच, ‘आपल्याकडे जम्बो कधी उतरणार?’ जणू मोठे विमान आले, की शहरही मोठे झाले!

माझे मत थोडे वेगळे आहे. जम्बोसारखे मोठे विमान आपल्याला जरूर हवे, पण ते मुंबई-दिल्ली मार्गावर. आपल्या वाट्याला लहानच विमान यावे. मात्र दिवसातून अनेकदा.

तासाभराच्या प्रवासाला जम्बो वापरण्याचा खरा संसार जपानने केला. तोक्योच्या हानेदा विमानतळावर गर्दी अफाट आणि जागा तोकडी. म्हणून बोइंगने खास त्यांच्यासाठी ७४७ ची आखूड पल्ल्याची आवृत्ती बनवली. ती १९७३ पासून उडू लागली. पुढच्या आवृत्तीत तर साडेपाचशेहून अधिक माणसे बसत. पण जम्बो घडवलेले सातासमुद्रापार जाण्यासाठी. दिवसातून अनेकदा चढउतार केली, की प्रत्येक वेळी आतल्या हवेच्या दाबाने त्याचे अंग फुगते आणि आकसते. म्हणून सांगाडा मुद्दाम मजबूत करावा लागला. एवढे करूनही १२ ऑगस्ट १९८५ रोजी तोक्योहून ओसाकाला निघालेले जपान एअरलाइन्सचे असे विमान डोंगरावर कोसळले आणि ५२० माणसे गेली. शेपटीकडच्या दाबभिंतीची सात वर्षांपूर्वी झालेली दुरुस्ती सदोष होती, आणि हजारो उड्डाणांच्या ताणाने ती भिंत अखेर फाटली.

आपल्याकडे इंडियन एअरलाइन्सने १९७६ मध्ये मोठी एअरबस ए-३०० आणली, ती मुख्यतः महानगरांसाठी. एअर इंडियाच्या परदेशी फेऱ्यांच्या मुंबई-दिल्ली टप्प्यावर देशी प्रवाशांनाही जम्बोत बसायला मिळे. त्या जम्बोंपैकी शेवटच्यांतले एक २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून अमेरिकेला कायमचे रवाना झाले.

आणि औरंगाबाद? दिल्ली-जयपूर-उदयपूर-औरंगाबाद-मुंबई ही फेरी वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकांनी भरलेली असे. तिचेच बोइंग ७३७ हे विमान २६ एप्रिल १९९३ रोजी इथून मुंबईकडे उडताना धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले. ५५ जण दगावले. विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले गेले, शिवाय रस्त्यावरची वाहतूक रोखलेली नव्हती, असा चौकशीचा निष्कर्ष होता. ज्यांना आपल्या अंगणात मोठेच विमान हवे, त्यांनी तो दिवस आठवावा. धावपट्टी नंतर वाढली, हे खरे. पण विमानापाठोपाठ धावपट्टी वाढते, धावपट्टीपाठोपाठ गावांच्या जमिनी जातात, आणि एवढे करून पाचशे आसने रोज भरणार कोण?

आपली खरी अडचण चिकलठाण्यात नाही, मुंबईत आहे. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावरून दिवसाला नऊशेहून अधिक विमाने ये-जा करतात. विमान सत्तर आसनांचे असो की तीनशे, धावपट्टी अडते जवळपास तेवढाच वेळ. मग कंपनी सोन्यासारखी सकाळची वेळ नांदेड, कोल्हापूर, जळगावला कशाला देईल? ती दिल्लीलाच जाते, आणि तिथे एकामागून एक १८० आसनांची विमाने सुटतात. त्यातल्या दोन फेऱ्यांची एक केली आणि तीनशे आसनांचे विमान लावले, तर प्रवासी जवळपास तेवढेच जातील आणि एक वेळ मोकळी होईल. मोठ्या विमानामागे लहानाला जरा जास्त अंतर राखावे लागते, म्हणजे सगळा नफाच नाही. पण हिशेब आपल्या बाजूचा आहे. शिवाय अशी विमाने देशात आहेत. एअर इंडियाची नवी ए-३५० जानेवारी २०२४ मध्ये आधी देशातल्या मार्गांवरच उडाली.

कंपन्या म्हणतील, व्यापाऱ्याला दर अर्ध्या तासाला फेरी हवी. असेलही. पण शेंद्र्याच्या कारखानदाराला, टाटा रुग्णालयात तपासणीला जाणाऱ्याला किंवा वेरूळच्या वाटाड्याला दिवसातून चार फेऱ्या मागण्याचा हक्क नाही काय? समृद्धी महामार्ग आहे, वंदे भारत आहे, हे मला ठाऊक आहे. तरी सकाळी जाऊन रात्री घरी परतण्याची सोय विमानच करते.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तिथल्या सकाळ-संध्याकाळच्या वेळाही दिल्ली-बंगळूरने गिळण्याआधी राज्य सरकारने त्यातला एक हिस्सा सत्तर आसनांच्या विमानांसाठी राखून मागावा. आमच्या आमदार-खासदारांनी जम्बोचे फलक लावण्याऐवजी ही यादी हातात घेऊन दिल्लीला जावे. तिकडे जायला विमानांची वाण नाही.