बाजारहाट : तिळा तिळा, दार उघड

अलिबाबाचा भाऊ कासम गुहेत शिरला तो शब्द पाठ करून, आणि प्राणाला मुकला तो शब्द विसरून. आतल्या मोहरांच्या राशी पाहून त्याची मती अशी गुंग झाली की तीळ सोडून बाकीची सगळी धान्ये त्याच्या तोंडी आली. 'गहू गहू, दार उघड' म्हणून झाले, 'ज्वारी ज्वारी, दार उघड' म्हणून झाले. दार काही हलेना. हल्ली रात्री अकराच्या सुमारास मोबाइलवर खरेदी करीत बसलेला माणूस पाहिला की आम्हाला या कासमची आठवण येते. टोपली भरलेली असते, पैसे भरायच्या जागी 'प्रोमो कोड' नावाचा एक रिकामा खण असतो, आणि हा गृहस्थ कोठून कोठून गोळा केलेले शब्द त्यात एकामागून एक घालून पाहत असतो. यंत्र शांतपणे सांगते, 'मुदत संपली.' दुसऱ्याला सांगते, 'फक्त पहिल्या खरेदीसाठी.' पाचवा शब्द लागू पडतो, दोनशे रुपये कमी होतात, आणि स्वारी लढाई जिंकल्याच्या आनंदात झोपी जाते. दोनशे रुपये वाचले हे खरे. पण कशातून वाचले, हा प्रश्न तेवढा राहून जातो.

यंदा या सदराकडे आलेल्या चौकश्यांत गंजाडच्या एका तरुण वाचकाची चौकशी आम्हाला विशेष वाटली, कारण ती हौसेची नाही, पोटाची आहे. गंजाड हे डहाणू तालुक्यातले, डहाणूहून चारोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे वारली वस्तीचे गाव. हा तरुण काही वर्षे बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत नोकरी करून आता पाड्यापाड्यांतून घरांच्या वायरिंगची कामे घेऊ लागला आहे. भिंतीला भोके पाडायचे यंत्र आजवर दुसऱ्याचे मागून आणावे लागे. आता स्वतःचे घ्यायचे आहे. जवळ साडेचार हजार रुपये साठले आहेत. तो विचारतो, 'कोड टाकून यंत्र घेतले तर खरोखर पैसे वाचतात, की नुसते वाचल्यासारखे वाटतात?'

प्रश्न सरळ आहे, तेव्हा हिशोबही सरळच करू. समजा, एका ड्रिल यंत्रावर छापील किंमत ५,९९९ रुपये आहे. ती खोडून शेजारी ३,४०० लिहिले आहेत आणि वर तांबड्या अक्षरांत '४३ टक्के सूट'. खाली बारीक अक्षरांत कोडची अट: ४,००० रुपयांवरील खरेदीवर १० टक्के सूट, कमाल २०० रुपये. आता ३,४०० चे ४,००० करायचे तर आणखी काही टोपलीत टाकणे आले. शेजारीच वीस निरनिराळ्या बिटांची पेटी ६२० रुपयांना हजर असते. ती शेजारी योगायोगाने आलेली नसते. एकूण झाले ४,०२०. दहा टक्के म्हणजे चारशे दोन सुटायला हवेत, पण 'कमाल' या शब्दाने ते दोनशेवर आणून बसवले. द्यायचे ३,८२०. कोड नसता तर खिशातून ३,४०० जाणार होते. कोडने दोनशे वाचवले आणि चारशे वीस जास्त खर्च करविले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा.

ती वीस बिटे लागणारच असतील तर मात्र दोनशे रुपये खरोखर वाचले, हेही कबूल केले पाहिजे. पण वायरिंग करणाऱ्याला त्यांतली किती लागतात? भिंतीत प्लॅस्टिकच्या गिट्ट्या बसवायला सहा आणि आठ मिलिमीटरची, फार तर दहाची. पेटीतली लाकडाची आणि पत्र्याची बिटे गंज चढेपर्यंत तशीच पडून राहतात, आणि नेमके सहाचे बिट चार घरांत बोथट होते.

आता त्या ४३ टक्क्यांविषयी. छापील किंमत म्हणजे सर्व करांसह घेता येईल ती कमाल किंमत. तिच्यापुढे दुकानदाराने जाऊ नये एवढेच कायदा सांगतो. ती वस्तूची खरी किंमत आहे असे कायदा म्हणत नाही. १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन दुकानांनाही ती दाखवावी लागते, आणि हे चांगलेच झाले. पण ती किती छापावी हे बनवणाराच ठरवतो. अवजारांच्या धंद्यात ती मुळातच उंच छापण्याची चाल आहे, कारण मग प्रत्येकाला काहीतरी सूट देता येते. डहाणूच्या हार्डवेअरच्या दुकानातही छापील किमतीला यंत्र कोणी विकत नाही आणि कोणी घेत नाही. तेव्हा खोडलेल्या आकड्यावरून बचत मोजणे म्हणजे न ठरलेल्या लग्नातला हुंडा वाचला म्हणून पेढे वाटण्यासारखे आहे. बचत मोजायची ती एकाच गोष्टीवरून: तेच यंत्र, तोच मॉडेल नंबर, त्याच आठवड्यात दुसरीकडे कितीला मिळते.

मग ही सूट देतो कोण? वडीलधाऱ्या वाचकांना खादी भांडारातले रिबेट आठवत असेल. गांधीजयंतीच्या सुमाराला ते सुरू व्हायचे, पाटी दारावर लागायची, आणि आत जाईल त्या प्रत्येकाला सारखेच मिळायचे. कानात कोणी शब्द सांगायचे कारण नव्हते. कोडची रीत नेमकी उलटी आहे. त्याचा उपयोगच मुळी सर्वांना सारखी किंमत न लावण्यासाठी आहे. ज्याला शोधायला वेळ आहे त्याला एक किंमत, ज्याला घाई आहे त्याला दुसरी. नव्या गिऱ्हाइकाला एक, जुन्याला दुसरी. कोड गोळा करून देणाऱ्या ज्या जागा असतात त्यांतल्या बऱ्याच जागांना त्यांच्यामार्फत झालेल्या विक्रीवर दलाली मिळते, आणि दलाली जगात कोठेही शेवटी मालाच्या किमतीतच जाऊन बसते. यात कायद्याविरुद्ध काही नाही. बाजारात भाव करणारी बाई आणि न करणारी बाई यांना भाजीवाला पूर्वीपासून वेगळा भाव लावीत आला आहे.

आम्हाला खटकते ते निराळेच. दिवाळीतल्या सगळ्यांत मोठ्या सुटी असतात त्या ठरावीक बँकांच्या क्रेडिट कार्डांवर. पाड्यावरच्या कारागिराकडे यूपीआय असते, क्रेडिट कार्ड नसते. आणि वस्तू हाती आल्यावर रोख देऊ म्हणणाऱ्याला पुष्कळदा कोडही लागू होत नाही, वर हाताळणीचे पैसे पडतात. म्हणजे ज्याच्या घरात यंत्र वर्षातून दोनदा तसबिरी टांगायला निघणार त्याला ते स्वस्त, आणि ज्याची चूल त्यावर पेटणार त्याला महाग. मग मुंबईच्या मेव्हण्याचे कार्ड वापरायचे, त्याला पैसे पाठवायचे, आणि यंत्र बिघडले की बिल मेव्हण्याच्या नावावर. 'बिनव्याजी हप्ते' हाही त्यातलाच प्रकार. १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट म्हटले होते की शून्य टक्के व्याज अशी चीजच नसते. तेव्हापासून नाव बदलले: बँक व्याज घेते, दुकान तेवढी रक्कम किमतीत कमी केल्याचे दाखवते, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क असेल तर ते, हे घेणाऱ्याकडेच राहतात. जो कोड हप्त्यांच्या खरेदीवरच चालतो, त्याची बेरीज-वजाबाकी हे दोन आकडे धरून करावी.

साडी, चपला, साबण यांच्या बाबतीत एवढे सांगून थांबता आले असते. अवजाराचे तसे नाही. साडीची किंमत दिली की संपली; अवजाराची किंमत खरेदीनंतर सुरू होते. साधे इम्पॅक्ट ड्रिल विटेच्या भिंतीला पुरते, पण स्लॅबला आणि काँक्रीटच्या तुळईला लावले तर बिट तापते, मोटार कण्हते आणि भोक पडत नाही. तेथे रोटरी हॅमर लागतो, आणि त्याची खाचेची बिटे साध्या ड्रिलच्या जबड्यात बसत नाहीत. बॅटरीच्या यंत्रांत तर मोठीच मेख असते. सुटीच्या किमतीला मिळते ते पुष्कळदा नुसते धड. बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात, आणि एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला चालत नाही. वर्षभराने कार्बन ब्रश झिजतो. ती वस्तू तशी किरकोळ, पण त्या मापाची मिळाली नाही तर तीन हजारांचे यंत्र फळीवर जाऊन बसते. म्हणून कोड शोधण्यात जी पाऊण घटका जाते, ती डहाणूत किंवा बोईसरला एक फोन करण्यात घालवावी: अमुक यंत्राचे ब्रश आणि स्विच तुमच्याकडे मिळतात का? आर्मेचर जळाले तर भरून देणारा कोणी आहे का? 'नाही' उत्तर आले तर कोडने आठशे सुटत असले तरी ते यंत्र घेऊ नये, असे आमचे मत आहे.

याच मुलखातली एक जुनी गोष्ट येथे सांगावीशी वाटते. १९४५ साली डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागातल्या वारल्यांनी जंगलमालक आणि सावकार यांच्याविरुद्ध लढा दिला. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्यात गवतकापणीच्या मजुरीची मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच वारली मरण पावले. भांडण विळा कितीला पडला याचे नव्हते, त्या विळ्याने कापलेल्या गवताला काय मिळते याचे होते. कारागिराचा खरा हिशोब आजही त्याच बाजूला आहे. दिवसाला किती भोके पाडून होतात, किती घरांचे काम यंत्र न बिघडता होते, बिघडले तर किती दिवस हात बांधून बसावे लागते. एका दिवसाचा खाडा झाला की कोडचे दोनशे रुपये दुपारच्या आतच फिटले.

त्याच गंजाडात राहून जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्या चित्रकलेचे परंपरेचे हत्यार म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, आणि रंग म्हणजे तांदळाच्या पिठाचे पाणी. त्या काडीला सूट मागायची सोय नाही! पण सगळ्यांच्या कामाचे भाग्य असे नसते; वायरिंगवाल्याला बाजारात जावेच लागते.

तेव्हा त्या वाचकाला आमचे सांगणे असे. प्रथम कागदावर लिहून ठेवा: कोणते यंत्र, कोणत्या भिंतींसाठी, बरोबर काय काय, आणि जास्तीत जास्त किती रुपये. हा कागद झाल्यावर मग मोबाइल उघडा. कागदावर आहे तेच, त्याच संख्येने घेताना कोड चालला तर ती सूट पुरेपूर तुमची आहे, निःसंकोच घ्या. गंजाडला तर एक गोष्ट ऑनलाइन खरेदीच्या बाजूची आहे, आणि ती कोडची नाही. डहाणूला जायचे म्हणजे जाण्यायेण्याचे भाडे आणि अर्ध्या दिवसाची कमाई बुडणार. दारात येणारी वस्तू कोड न लागताही तेवढ्याने स्वस्त पडते. उलट, दुकानदारासमोर यंत्र चालवून पाहता येते, आवाज ऐकता येतो, आणि मोबाइलवरचा भाव दाखवला तर पुष्कळदा तो शंभर-दीडशे खाली येतो किंवा दोन बिटे वर टाकतो. यंत्र पाहून घ्यावे आणि खपाचा माल मागवावा, अशी वाटणी आम्हाला पसंत आहे. कटिंगची पाती, सहाची-आठची बिटे, चिकटपट्ट्या या वस्तू महिन्याला लागतातच. तीन महिन्यांच्या एकदम मागवल्या तर किमान खरेदीची अट आपोआप भरते आणि कोडचा पैसा खरोखर हातात राहतो. कोयता, विळा, कुदळ मात्र या भानगडीत घालू नका. त्यांवर जीएसटी शून्य आहे, ड्रिल आणि पकडीवर १८ टक्के; शिवाय ओळखीच्या लोहाराकडचा कोयता दोन वर्षांनी त्याच्याकडेच नेऊन पुन्हा पाणी देऊन आणता येतो. टपालाने आलेल्या कोयत्याला ती सोय नाही.

'फक्त ९ मिनिटे उरली' असे घड्याळ पडद्यावर पळू लागले तर पळू द्यावे. अशी खोटी घाई, न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, शेवटच्या पायरीवर उगवणारे शुल्क, अशा १३ क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. त्या अजून दिसतात, ही गोष्ट वेगळी. फसगत झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मराठीतही बोलता येते. मात्र पार्सल उघडताना यंत्रावरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, वॉरंटीची नोंद त्याच दिवशी करावी, आणि खोके निदान परतीची मुदत संपेपर्यंत फोडून चुलीत घालू नये. टोपलीतली एखादी वस्तू परत केली की उरलेली रक्कम अटीच्या खाली जाते आणि कोडची सूट काही ठिकाणी परताव्यातून कापून घेतात, हेही आधी वाचून ठेवलेले बरे.