गहूभर पुढे

ज्याचे तोंड पाहायचे नाही असा आपण निश्चय केला आहे, त्याच्याशी उलट्या दिशेने तळ्याभोवती फिरायला कोणी जाऊ नये. सरळ रस्ता बरा. तिथे मागे रेंगाळता येते, झपाझप पुढे जाता येते, फारच झाले तर एखाद्या बोळात वळता येते. तळ्याभोवतीच्या वाटेवर यातले काहीच चालत नाही. दोघे एका जागेवरून एकमेकांकडे पाठ करून निघाले, की पलीकडच्या काठावर समोरासमोर येणारच! तीस वर्षे मी शाळेत भूमिती शिकवली. पण हे साधे प्रमेय मला निवृत्तीनंतर रंकाळ्याने शिकवले.

ज्यांनी कोल्हापूर पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रंकाळा ही मुळात दगडाची खाण. काळा दगड काढून खड्डा झाला, पुढे मोठा भूकंप होऊन त्यात पाणी भरले, अशी परंपरेने चालत आलेली हकिगत आहे. जवळच्या पतौडी आणि इराणी या दोन जलाशयांना लोक अजून 'खण'च म्हणतात, तेव्हा खाणीची गोष्ट मला तरी पटते. नाव आले ते रंकभैरवावरून. काठावर १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला शालिनी पॅलेस, एकीकडे पद्माराजे उद्यान, आणि पाण्यात संध्यामठ. हा मठ पावसाळ्यात बुडतो आणि पाणी ओसरले की पुन्हा डोके वर काढतो. फेरीची वाट अवघड नाही. कुठे झाडांच्या सावलीतून, कुठे दगडी धक्क्यावरून. सावकाश चालले तर तास-सव्वा तास लागतो. माझ्यासारख्याला धाप लागावी इतकी ती लांब आहे, आणि घरी येऊन फुशारकी मारता यावी इतकी नाही.

या वाटेवर माझे थोरले भाऊ, म्हणजे आमचा दादा, रोज पहाटे फिरतो. मीही फिरतो. आमचे घर एकच होते. वाटण्या झाल्या आणि अंगणात भिंत आली. भिंतीचे काही वाटले नाही, भांडण झाले ते बंबावरून. आईचा तांब्याचा बंब. दिवाळीच्या पहाटे त्यात शेणी घालून पाणी तापवायचे, घरभर धूर करायचा आणि डोळे चोळत अभ्यंगस्नान करायचे, हे आमचे बालपण. बंब कोणाचा यावर जे बोलणे झाले ते दोघांच्याही वयाला शोभणारे नव्हते. शेवटी बंब माझ्या वाटणीला आला आणि माळ्यावर जाऊन बसला. कारण तोवर दोन्ही घरांत गीझर आले होते! त्यानंतर सात वर्षे आम्ही बोललो नाही.

नळाला पाणी पहाटेच येते, त्यामुळे दोन्ही घरे एकाच वेळी जागी होतात आणि आम्ही दोघे एकाच वेळी बाहेर पडतो. दादा भाविक, तो पाणी उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतो. त्याच्या मागोमाग जाणे मला कमीपणाचे वाटले, म्हणून मी डावीकडून निघू लागलो. चाल दोघांची सारखी. म्हणून गाठ पडे ती बरोबर शालिनी पॅलेससमोर. दादा पाण्याकडे पाही, मी पॅलेसच्या मनोऱ्याकडे पाही, आणि आम्ही एकमेकांना ओलांडून जात असू.

गेल्या पावसाळ्यानंतर मात्र काहीतरी बिघडले. पॅलेस मागे पडला तरी दादा येईना. पुढे शंभर पावलांवर, झाडांखाली तो दिसे. महिन्याने तीही झाडे मागे पडली. मला प्रथम वाटले, माझीच चाल सुधारली! बायकोला तसे सांगितलेही. ती म्हणाली, "अहो, घड्याळ बघा की. तुम्ही जेवढ्यास जात होता तेवढ्यासच पॅलेसला पोचताय न्हवं? मग कोण मागं पडलंय?"

मास्तर, गणित चुकले! दोघे सारख्या चालीने निघाले तर मध्यावर भेटतात. भेटीची जागा एकाच्या बाजूला सरकू लागली, तर त्याचे पाय थकले. हे मी फळ्यावर क्षणात सोडवले असते. पण ते आपल्या भावाचे पाय होते, आणि मी मनोऱ्याकडे पाहत होतो.

एके दिवशी पॅलेस गेला, झाडे गेली, आणखी बरेच अंतर गेले. माझ्या छातीत उगीच धडधड होऊ लागली. वळणापुढच्या कट्ट्यावर दादा बसला होता. पायावर सूज दिसत होती. मी उभा राहिलो. काय बोलावे ते सुचेना.

"बसलास व्हय?" मी म्हणालो. सात वर्षांनंतरचे पहिले वाक्य, आणि ते असले!

"बसतोय कुठला," दादा म्हणाला. "तुझी वाट बघतोय. रोज लांबनं यावं लागतंय की तुला."

म्हणजे त्यालाही ते कळले होते. मोजत तोही होता.

"चल घरी," मी म्हणालो. त्याच्या बाजूने घर जवळ होते.

"आन् प्रदक्षिणा?"

"ऱ्हाऊ दे अर्धी."

तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आलेल्या वाटेने परत फिरला. वाचकहो, नीट पाहा. मी माझ्या दिशेने पुढेच चाललो होतो, वळला तो. सात वर्षे जपलेला माझा मान शाबूत राहिला, आणि त्यासाठी देवाची प्रदक्षिणा त्याने मोडली. थोरलेपण वयात नसते, ते असल्या वळण्यात असते.

रंकाळ्याजवळ नंदीचे देऊळ आहे. हा नंदी रोज गहूभर पुढे सरकतो आणि तांदूळभर मागे येतो, असे आमची आई सांगे. तो तळ्यापर्यंत पोचला की जगबुडी! लहानपणी आम्ही दोघे घाबरून त्याचे पाय मोजून यायचो. आता वाटते, माणसांचेही तसेच असते. सलोख्याच्या दिशेने आपण गहूभर जातो, आणि लगेच तांदूळभर मागे येतो. पण गहू आणि तांदूळ यांत जो अंशभर फरक राहतो, त्यावरच घरे चालतात.

आता आम्ही एकाच दिशेने फिरतो. पुरी फेरी होत नाही. दादा दमला की परततो, गंगावेशीला धारोष्ण दूध पितो, आणि पैसे कोणी द्यायचे यावर भांडतो. हे भांडण मात्र मिटावे असे दोघांनाही वाटत नाही.

परवा माळ्यावरून बंब खाली काढला. काळाठिक्कर पडला होता. चिंच लावून घासायला घेतला, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "अरं, कडेनं घास, तिथं डाग दिलेला हाय!"

नरकचतुर्दशीला तो पेटवायचा आहे. शेणी दादा आणणार आहे. धूर दोन्ही घरांत जाईल. भिंत काही त्याला अडवू शकणार नाही.