दुरुस्तीचा वाद पावसाळ्याआधी मिटवा

27 जून 2022च्या रात्री कुर्ल्याच्या नाईकनगरमधील एका इमारतीचा भाग कोसळला आणि 19 जणांचा जीव गेला. महापालिकेने त्या इमारतीला आधीच नोटिसा दिल्या होत्या. तरीही तिथे माणसे भाड्याने राहत होती. त्याआधी दोन वर्षांपूर्वी, 16 जुलै 2020 रोजी, फोर्टमधील भानुशाली ही उपकरप्राप्त इमारत भर पावसात ढासळली आणि 10 जण दगावले. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशी होते, नोटिसांच्या तारखा बाहेर येतात, मदत जाहीर होते. पण इमारत पडण्याआधी काही वर्षे तिच्या भिंतीला ओल आलेली असते, सज्जाचे प्लास्टर सुटलेले असते, आणि खर्च कोणी करायचा यावर घरमालक आणि भाडेकरू यांच्यात बोलणे थांबलेले असते. त्या थांबलेल्या बोलण्याची दखल घेणारी सोयीची यंत्रणा आज या राज्यात नाही. हा धोका आम्ही शासनाच्या आणि वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो.

कायदा अजिबात नाही, असे नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या कलम 14 प्रमाणे, उलट करार नसेल तर, जागा राहण्याजोग्या अवस्थेत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, तरीही काम झाले नाही तर स्वतः दुरुस्ती करून घ्यावी आणि तो खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद आहे. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. गिरगाव, काळबादेवी, लालबाग या भागांतल्या पागडीच्या खोल्यांना हे लावून पाहा. महिन्याचे भाडे 200 रुपये असेल तर वर्षाचे 2,400 होते आणि त्याचा चौथा हिस्सा 600 रुपये. एवढ्यात प्लंबरची एक फेरीही नीट भागत नाही, मग जिन्याच्या तुळया बदलणे किंवा गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणे दूरच. कायद्याने दिलेला हा हक्क गणितातच संपतो.

इथे घरमालकाचीही बाजू ऐकली पाहिजे. मुंबईतील जुनी भाडी 1940च्या पातळीवर गोठवली गेली. 1997च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने या गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्याय्य झाल्याचे सांगितले, त्यानंतर नवा कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. शंभर रुपयांवर चार टक्के म्हणजे चार रुपये. ज्याला इमारतीतून मालमत्ता कर आणि दिवाबत्ती यांपुरतेही उत्पन्न येत नाही, त्याने लाखांची दुरुस्ती करावी ही अपेक्षा कागदावरच राहणार. याच कारणाने त्याआधीच, 1969च्या कायद्याने, इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आले, भाडेकरूंकडून उपकर घेतला जाऊ लागला आणि 19,642 इमारती त्याच्या छत्राखाली आल्या. त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक आजही उभ्या आहेत. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा त्यांतल्या अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, आणि दरवर्षी बहुतेक रहिवासी जागा सोडत नाहीत. जागा सोडली तर हक्कही सुटेल ही त्यांची भीती आहे, आणि संक्रमण शिबिरांत पिढ्या घालवलेली कुटुंबे पाहिली की ती भीती खोटी म्हणता येत नाही.

पण खरा चिंतेचा भाग या जुन्या खोल्यांच्या पलीकडे आहे. आज पुणे, ठाणे, नवी मुंबई, नाशिक, नागपूर इथे घर भाड्याने घेणारा बहुतेक माणूस अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहतो. कायद्याच्या भाषेत तो भाडेकरूच नाही, तो केवळ परवानाधारक. कलम 14चे दुरुस्तीचे संरक्षण त्याला मिळत नाही. वीज-पाणी तोडू नये, जिन्यातले दिवे आणि लिफ्ट बंद करू नये, असे सांगणारे कलम 29सुद्धा भाडेकरूसाठी लिहिलेले आहे. मुदत संपूनही तो राहिला, तर घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा परत घेण्याचा जलद मार्ग आहे आणि दुप्पट रक्कमही मागता येते. ते योग्यच आहे, कारण आपले घर परत मिळेल याची खात्री असल्याशिवाय कोणी ते भाड्याने देणार नाही. मात्र त्याच कायद्यात छत गळत असेल तर राहणाऱ्याने कोणाकडे जावे, याचे उत्तर नाही. मालकासाठी जलद मार्ग केला, राहणाऱ्यासाठी पायवाटही ठेवली नाही.

परिणाम रोजच्या जगण्यात दिसतो. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खाली पाणी झिरपते, ते दिव्याच्या पॉइंटपर्यंत येते, एमसीबी वारंवार पडू लागतो. राहणारा मालकाला फोन करतो, मालक परगावी किंवा परदेशी असतो आणि सोसायटीकडे बोट दाखवतो. अंतर्गत गळती ही त्या त्या सदस्याची आणि गच्चीची गळती सोसायटीची, असे उपविधी सांगतात. पण भाड्याने राहणारा सदस्य नाही, म्हणून त्याच्या अर्जाची नोंद कोणी घेत नाही. त्याच्या राहण्यावर मालकाकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क मात्र घेता येते. ओल्या भिंतीतून वीज उतरणे हा प्रकार किरकोळ तक्रारीत मोडत नाही. त्याने माणूस मरतो.

बिलांचे भांडण याहून जुने आहे. एका मीटरवर चार खोल्या, प्रत्येकीला सब-मीटर आणि युनिटचा दर मालक ठरवेल तो. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारा, त्यांच्या हाती मूळ बिल क्वचितच येते. वीज विकून नफा मिळवण्याचा अधिकार परवानाधारक कंपनीचा आहे, घरमालकाचा नव्हे. 2022 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वीज ही मूलभूत गरज मानली. घरमालकाने ना-हरकत दाखला दिला नाही म्हणून भाडेकरूला जोडणी नाकारता येणार नाही, अर्जदार त्या जागेत राहतो की नाही एवढेच पुरवठादाराने पाहावे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हा निकाल किती उपविभागीय कार्यालयांतल्या खिडक्यांवर माहीत आहे? तो फलकावर लावला पाहिजे.

दुसरीकडे निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला एकच फ्लॅट भाड्याने देऊन औषधपाण्याची सोय करणारे वृद्ध दांपत्य असते. राहणारा तीन महिन्यांची बिले थकवून एका रात्रीत निघून जातो. वीजजोडणी मालकाच्या नावावर, त्यामुळे थकबाकीही त्यांच्याच गळ्यात पडते. अशा एका अनुभवानंतर पुढच्याकडून जास्त डिपॉझिट मागितले जाते. पुढचा प्रामाणिक असला तरी जाताना रंगकाम, साफसफाई, नळाचे नुकसान अशा नावांखाली त्यातले पैसे कापले जातात. वीस-पंचवीस हजारांसाठी दिवाणी दावा कोण लावतो? मुंबईत लघुवाद न्यायालयातले मालक-भाडेकरूंचे दावे बापाने लावायचे आणि मुलाने चालवायचे, अशी स्थिती अनेक घरांनी पाहिली आहे. म्हणून माणसे गप्प बसतात किंवा हातघाईवर येतात. पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करणे, कुलूप बदलणे, सामान जिन्यात काढून ठेवणे, या गोष्टी दाद मागायला जागा नसल्यामुळे घडतात.

केंद्राने 2021 साली आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला. त्याच्या परिशिष्टात दुरुस्तीची वाटणी स्पष्ट आहे. इमारतीची संरचना, रंगसफेदी, नळाच्या वाहिन्या आणि वायरिंग घरमालकाकडे. नळाचे वॉशर, स्विच, सॉकेट, गीझर, कुलपे, काचा राहणाऱ्याकडे. निवासी जागेचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याइतकेच, आणि तक्रारीसाठी जिल्ह्यात भाडे प्राधिकारी. महाराष्ट्राने हा कायदा अजून स्वीकारलेला नाही. पागडीच्या भाडेकरूंना त्यात बाजारभावाची टांगती तलवार दिसते आणि त्यांची शंका दूर करणे सरकारचे काम आहे. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण आहे तसे ठेवा, त्याला हात लावू नका. पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांसाठी ही वाटणी उद्यापासून लागू करायला त्या वादाची आडकाठी नाही.

त्यासाठी विधिमंडळाच्या अधिवेशनाचीही वाट पाहावी लागू नये. हे करार आता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतात. त्या मसुद्यात दुरुस्तीची यादी, मीटरचे पहिले वाचन, घराच्या स्थितीचे फोटो आणि डिपॉझिट परत करण्याची मुदत हे रकाने सक्तीचे करा. कायद्यात एकच दुरुस्ती तातडीने हवी: कलम 14 आणि 29 परवानाधारकालाही लागू करा. आणि प्रत्येक प्रभागात एक अधिकारी नेमा, जो तक्रार आल्यावर आठवड्यात जागेवर जाईल, ओल आणि वायरिंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहील आणि पंधरा दिवसांत लेखी आदेश देईल. वकिलाची गरज त्याच्यासमोर नसावी.

तोवर वाचकांनी तोंडी आश्वासनांवर विसंबू नये. गळती दिसली त्याच दिवशी फोटो काढा, मालक आणि सोसायटी दोघांनाही लेखी कळवा, पोच ठेवा आणि बिले भरल्याच्या पावत्या जपा. घरमालकांनीही घर देताना वायरिंग आणि नळ तपासून घ्यावेत. भिंतीत वीज उतरत असेल तर मुख्य स्विच बंद करून आधी माणसांना बाहेर काढा, खर्च कोणाचा हे नंतर ठरवता येईल.